विनोदाचं मॉक ड्रिल

"विनोदाचा निवाडा करायचा अधिकार या जगात एकाच न्यायाधीशाला आहे, आणि त्या न्यायाधीशाचं नाव आहे संदर्भ!"

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा माझ्या डोक्यावर फुग्यासारखी निळी टोपी होती आणि पायांत प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. त्यांतली डावी फाटून घोट्याभोवती तोड्यासारखी अडकली होती. ज्यांना उद्देशून हे वाक्य होतं ते रुग्णालयाचे व्यवस्थापक फोनवर गच्चीवरच्या टाकीवरून कुणाला तरी झापत होते. झापून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "सॉरी, तुम्ही काहीतरी म्हणालात?"

"काही नाही," मी म्हटलं. "बाथरूम कुठे आहे?"

पण त्यांच्या कानात 'संदर्भ' तेवढा गेला होता. पुढचा सगळा तमाशा त्या एका शब्दाने झाला.

मी एका साप्ताहिकात बरीच वर्षं लोकांची टिंगल करत असे. त्याला त्या काळी उपहास म्हणत आणि त्याचे पैसे देत. पुढे ते साप्ताहिक बंद पडलं, मीही बंद पडलो. आता लोक मला मान देतात, कारण माझ्यापासून कुणाला धोका नाही. एरवी मी सकाळी घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढतो. आठवड्यातून तीनदा मात्र मी माझ्या साडूंना डायलिसिसला घेऊन जातो.

साडूंची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली आणि त्या अर्ध्या शहराचा आत्मविश्वास कायमचा मोडला. "ब्रेक मधला! मधला! तुमच्या तिकडे मध्य कुठे असतो?" अशी त्यांची शिकवण्याची पद्धत. शिष्य रडत, शिव्या देत, आणि लायसन्स मिळालं की पेढ्यांऐवजी साडूंना एकेक टोमणा परत आणून देत. सगळे त्यांना क्लच म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, तीसुद्धा रागात असली की "क्लचला विचारा" असंच म्हणते.

मग क्लचची मूत्रपिंडं गेली आणि ते सकाळच्या बॅचला आले. डायलिसिसची खोली म्हणजे मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची एक रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, आणि मशीनमधून माणसाचं रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येतं. हे चार तास चालतं. दंडात दोन सुया असतात, हात वाकवायचा नाही, वाकवला की मशीन टीं टीं करून सगळ्या खोलीला सांगतं. तेच ते लोक, त्याच त्या खुर्च्या, वर्षानुवर्षं. पाणी प्यायला मोजून मिळतं, त्यामुळे आल्या आल्या वजनकाट्यावर कुणी किती चोरून प्यायलं ते उघड होतं. अशा ठिकाणी माणसं एक तर भिंतीकडे तोंड करून झोपतात, नाही तर एकमेकांवर तुटून पडतात. सकाळची बॅच तुटून पडणाऱ्यांची होती.

क्लच हे तिथले टोमण्यांचे मुख्य आचारी. "काय वकीलसाहेब, काटा बघितला. रात्री नळालाच तोंड लावून झोपला होता का?" वकील म्हणत, "हे बेअब्रूचं विधान आहे, कोर्टात भेटू." क्लच म्हणत, "तोपर्यंत आपल्यातलं कोण उरतंय ते आधी ठरवा, मग तारीख घ्या." आणि सगळी रांग खदखदून हसायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, ही माणसं आहेत की काय आहेत.

आता तुम्हाला वाटेल मी साडूंची आरती ओवाळतोय. तसं नाही. निम्मे विनोद टाकाऊ असत. एकदा एक नवा माणूस आला, बेकरीत काम करणारा, पहिलाच दिवस, सुया बघून पांढरा पडलेला. क्लच म्हणाले, "घाबरू नका हो, पहिल्या दिवशी इथं कुणी मरत नाही. मशीनला ओळख पटायला जरा वेळ लागतो." त्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रांगेतलं कुणी हसलं नाही. क्लच उरलेला सगळा वेळ छताकडे बघत पडले. पुढचे कित्येक दिवस ते त्याच्याशी "जेवलात का" याच्या पलीकडे बोलले नाहीत. शेवटी बेकरीवालाच एके दिवशी म्हणाला, "काय क्लचसाहेब, माझी अजून मशीनशी ओळख झाली नाही वाटतं?" तिथून पुढे तो रांगेतला झाला. यातून काय तात्पर्य निघतं ते मला विचारू नका. मी निवृत्त आहे.

क्लचच्या शेजारच्या खुर्चीवर बाई असत. गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त. आवाज असा की अजूनही समोरचा माणूस नकळत बेंबीपाशी हात जोडतो. त्यांना एक मुलगा. त्याची किडनी आईला जुळत होती, तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टर तयार होते. मुलगा म्हणाला होता, "पुढच्या महिन्यात." मग पुढच्या महिन्यात त्याच्या ऑफिसात वर्षअखेर आली. मग घराचं फर्निचर आलं. मग परदेशातलं ट्रेनिंग आलं. बाई रांगेला सांगत, "त्याच्यावर कामाचा फार लोड आहे." रांग म्हणे, "असणारच." गणिताच्या बाईंना महिने मोजता येत नव्हते असं नव्हे. पण खोलीत सगळ्यांवर सगळं बोललं जाई, यावर मात्र कुणी बोलत नसे.

मग एके दिवशी सकाळी मुलगा स्वतः आला. भारी शर्ट, भारी वास, हातात एक पिशवी. ट्रेनिंगहून परतला होता आणि आईसाठी भेट आणली होती. विमानात गळ्याभोवती घालतात ती उशी. वळलेली, गुबगुबीत, जांभळी. त्याने ती स्वतः आईच्या मानेभोवती घातली, दोन पावलं मागे जाऊन फोटो काढला आणि म्हणाला, "आता चार तास आरामात जातील बघ."

मी त्या वेळी साडूंच्या पायाशी स्टुलावर बसलो होतो.  बाई उशीत मान अडकवून समोर बघत होत्या. आणि क्लच म्हणाले,

"बाई, मुलानं शब्द पाळला की! आकार बघा, आकार. किडनीच आहे. आत कापूस आहे, एवढंच. आणि दुसरी त्यानं प्रवासासाठी स्वतःला ठेवली असेल."

 मग बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, प्रेशर कुकरची शिटी सुटण्याआधी येतो तसा. आणि बाई हसल्या. डोकं मागे टाकून, उशी वर सरकून कानापर्यंत आली तरी हसत राहिल्या. हात वाकला, मशीन टीं टीं करू लागलं, सिस्टर धावत आल्या, वकील हसले, त्यांचं मशीन लागलं, बेकरीवाल्याचं लागलं, सगळी रांग ओरडायला लागली. एकटा मुलगा तेवढा हसला नाही. मोबाइल अजून फोटोसाठी धरलेलाच होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने तक्रार केली. त्यात त्याला स्वतःला काही वाटल्याचा उल्लेखच नव्हता. त्यात म्हटलं होतं की आईच्या भावना दुखावल्या.

*

रुग्णालयाने ठरवलं की क्लचना संध्याकाळच्या बॅचला हलवायचं. संध्याकाळची बॅच भिंतीकडे तोंड करून झोपणाऱ्यांची होती. कुणी कुणाशी बोलत नसे, दिवे मंद असत, आणि टीव्हीच्या पडद्यावर सतत पोहत असलेला एक मासा दिसे.

क्लच घरी म्हणाले, "मग मी जायचंच बंद करतो."

लोक असं म्हणतात, पण क्लच सिगारेटसुद्धा अशीच एका संध्याकाळी जेवता जेवता सोडून मोकळे झाले होते, ते अक्काला माहीत होतं. डायलिसिस बंद केलं की माणूस किती टिकतो, तेही तिला माहीत होतं. ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडली नाही. ते रडण्याहून वाईट होतं.

"तुम्ही लेखक आहात ना?" ती मला म्हणाली. "मग बोला काहीतरी तिथं जाऊन."

"अगं, लेखकाचं कोण ऐकतं?"

"इतकी वर्षं लोकांना टोचून आपलं घर चालवलंत," आमची ही कांदा चिरता चिरता म्हणाली, "आता एका माणसासाठी दोन बऱ्या गोष्टी बोलायला काय धाड भरलीय?"

मी गेलो. रुग्णालयालाही विनोदाचा तज्ज्ञ हवाच होता. मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे हे मी सांगितलं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. साक्षीदार कुणीही असतो, तज्ज्ञ मिळणं कठीण. म्हणून सुरुवातीला सांगितलं ते वाक्य मी बोललो, आणि टोपीसकट व्यवस्थापकांच्या खोलीत बसलो.

खोलीत चौघं होतो. व्यवस्थापक, मुलगा, मी आणि रुग्णालयाचे समुपदेशक. समुपदेशक तिशीतला उंच माणूस होता, छातीपर्यंत दाढी, आणि बोलताना डोकं असं तिरकं करायचा की समोरच्याला आपल्याच कानात पाणी गेल्यासारखं वाटावं.

"तर," व्यवस्थापक म्हणाले, "रुग्णाने असं विधान केलं की सदर उशीचा आकार आणि सदर अवयवाचा आकार यांत साम्य आहे."

मी आयुष्यात विनोदांचे पुष्कळ खून पाहिले आहेत, पण इतक्या शांतपणे नाही.

"ही शरीरावरून केलेली टिप्पणी आहे," समुपदेशक डोकं तिरकं करून म्हणाले.

"कुणाच्या शरीरावरून?" मी विचारलं. "उशीच्या?"

"मला स्वतःला विनोद अतिशय आवडतो," मुलगा म्हणाला. "ऑफिसात मी सगळ्यांना हसवतो. पण मर्यादा असते ना? ती आजारी आहे. माझी आई आहे ती."

"त्यांना विचारलं का कुणी, काय वाटलं ते?"

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टेबलावर पाय ठेवला होता.

"त्यांना पुन्हा त्या प्रसंगातून कशाला न्यायचं?" समुपदेशक म्हणाले.

"मीसुद्धा अत्यंत विनोदी माणूस आहे," व्यवस्थापक म्हणाले, आणि पुराव्यासाठी त्यांना फार थांबावं लागलं नाही. दार उघडून सिस्टर आत आल्या. जाडजूड, शांत बाई, हातात रजेचा अर्ज. "सिस्टर, दारातून जरा जपून हं," व्यवस्थापक म्हणाले. "चौकट नवीन बसवली आहे!"

समुपदेशक दाढी हलवून हसले. मुलगा हसला. सिस्टरही हसल्या. अर्जावर सही झाली आणि त्या तशाच हसऱ्या चेहऱ्याने बाहेर गेल्या. दार बंद होताना तो चेहरा कसा पुसला गेला ते मला दिसलं, कारण मी दाराजवळ बसलो होतो.

व्यवस्थापकांनी चेहरा पुन्हा गंभीर केला. "हं. तर आपण दुसऱ्याच्या भावनांबद्दल बोलत होतो."

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही मघाशी संदर्भ म्हणालात. ते मला पटलं. नुसतं कागदावरून ठरवणं बरोबर नाही. गेल्या महिन्यात आपण आगीचं मॉक ड्रिल केलं. स्टोअरकीपरला भाजलेला रुग्ण केलं, स्ट्रेचरवरून खाली आणलं, सगळं कळलं. कुठे दार अडतं, कुठे घंटा वाजत नाही. तसंच याचं करू. विनोदाचं मॉक ड्रिल. तीच खोली, तीच वेळ, तोच विनोद. संदर्भासकट."

"अहो, मी तसं नव्हतो म्हणालो..." मी सुरुवात केली.

"अत्यंत शास्त्रीय," समुपदेशक म्हणाले.

*

असा सगळा लवाजमा बॅच चालू असताना खोलीत घुसला. क्लच खुर्चीत आडवे, दंडात सुया, मशीन चालू. बाईंना त्रास नको म्हणून त्यांना त्यांच्या मशीनसकट कोपऱ्यात सरकवून भोवती पडदा ओढला होता. पडदा कापडाचा होता. त्यातून आवाज जात नाही अशी व्यवस्थापनाची समजूत असावी.

बाईंच्या जागी एक रिकामी खुर्ची मांडली होती आणि तिच्यात बाई म्हणून समुपदेशक जाऊन पडले. हाताला एक नळी चिकटपट्टीने डकवली. मुलाने ती जांभळी उशी आणलीच होती, ती त्याने त्यांच्या गळ्यात घातली. दाढी उशीवर पसरली. गणिताच्या बाईंचं इतकं भयंकर रूप कुणी पाहिलं नसेल.

"मी इतर रुग्ण होतो," व्यवस्थापक म्हणाले आणि वकिलांच्या पायाशी उभे राहिले. "सिस्टर, तुम्ही मशीनचा आवाज करा."

"म्हणजे?"

"टीं टीं."

"कधी करू, सर?"

"हसल्यावर."

"कोण हसल्यावर?"

व्यवस्थापकांनी यावर विचार केला नव्हता. "मी खूण करेन," ते म्हणाले. "हं, करा सुरू. जसं त्या दिवशी म्हणालात अगदी तसंच. त्याच आवाजात."

"त्या दिवशी अंगात पाणी जास्त होतं," क्लच म्हणाले. "संदर्भ हवाय ना? मग आधी एक तांब्या पाणी पाजा."

बेकरीवाला फिसकन हसला. व्यवस्थापकांनी त्याच्याकडे पाहिलं. "इतर रुग्ण मी आहे," ते म्हणाले. बेकरीवाला गप्प झाला.

मी स्टुलावरून साडूंच्या पायाला हळूच चिमटा काढला. म्हटलं, "साडूभाऊ, सरळ बोला आणि मोकळे व्हा. घरी अक्का वाट बघतेय."

क्लचनी मान वळवून समुपदेशकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ड्रायव्हिंग शिकायला आलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग देताना ते असेच बघायचे.

"काय हो, लग्न झालंय?"

"हे त्या दिवशी नव्हतं," मुलगा म्हणाला.

"मुलगा आहे?"

"नाही," समुपदेशक उशीतून म्हणाले.

"मग तुमची किडनी कोण अडवून बसलंय? कुणावर करू मी विनोद?"

"कल्पना करा," समुपदेशक म्हणाले. "मी ती भावना धरून आहे."

"बरं." क्लचनी डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तसं म्हटलं, "बाई मुलानं शब्द पाळला आकार बघा किडनीच आहे आत कापूस आहे एवढंच."

कुणी हसलं नाही. व्यवस्थापक हसले नाहीत, म्हणजे इतर रुग्णही हसले नाहीत. ते मान डोलावत माझ्याकडे वळले. "बघितलंत? संदर्भात तपासला, आणि यात विनोद मुळात नाहीच असं आढळलं. फक्त अपमान आढळला. तुम्हाला काय वाटलं?" हा प्रश्न समुपदेशकांना होता.

"मला आत कुठेतरी..." समुपदेशकांनी उशी चाचपली. "उशी मऊ आहे."

आणि त्याच वेळी टीं टीं टीं टीं वाजायला लागलं.

"सिस्टर, अजून नाही!" व्यवस्थापक ओरडले.

"मी नाही, सर," सिस्टर म्हणाल्या.

आवाज पडद्याआडून येत होता. सिस्टरनी पडदा ओढला. बाई खुर्चीत गदागदा हलत होत्या. सुई नसलेल्या हाताने तोंड दाबून धरलं होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघा!" मुलगा म्हणाला. "बघा, आई रडते आहे!"

"मी याचीच भीती व्यक्त केली होती," समुपदेशक उठायला गेले आणि नळी खुर्चीत अडकल्यामुळे पुन्हा पडले.

सिस्टरनी बाईंचा हात सरळ केला, नळी तपासली, बटण दाबलं. मशीन शांत झालं. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. वर्गात खडूचा तुकडा कुणी मारला ते शोधणारी नजर. ती फिरत फिरत मुलापाशी येऊन थांबली.

आणि मुलाचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. भारी शर्टाच्या वर एक घाबरलेला चेहरा होता. तो आईच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा कुठलाही मुलगा निकालाच्या दिवशी बघतो.

"आई, तू सांग," तो म्हणाला. "तुला वाईट वाटलं की नाही त्या दिवशी?"

आता खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं झालं, सुटलो. बाई सांगतील की मी हसले, मला बरं वाटलं, सगळ्यांनी आपापल्या कामाला जावं. मी मनातल्या मनात अक्काला फोनसुद्धा लावला.

"हो," बाई म्हणाल्या. "वाटलं वाईट. लागलं मला."

 वकिलांनी मान भिंतीकडे वळवली.

क्लचनी बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या मुलाकडे. मग ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मला त्यांचा तो आवाज ओळखूच आला नाही. "चुकलं माझं, बाई. तो उभा असताना बोलायला नको होतं."

"नको होतं," बाई म्हणाल्या.

व्यवस्थापकांनी टाळी वाजवल्यासारखे हात चोळले. "वा! कबुली आली. तर ठरल्याप्रमाणे यांना पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळची बॅच. कुणाच्याही भावना न दुखावता विषय संपला, याचा मला आनंद आहे."

क्लच छताकडे बघायला लागले. तो संध्याकाळचा मासा त्यांना आत्ताच दिसत असावा. मी त्यांच्या पायावर हात ठेवला, त्यांनी तो झटकला. हात झटकायची ही पद्धत मला माहीत होती. सिगारेटचं पाकीट त्यांनी असंच टेबलावरून बाजूला सारलं होतं.

"मग माझंही संध्याकाळी करा," बाई म्हणाल्या.

"काय?" व्यवस्थापक म्हणाले.

"माझीपण बॅच बदला. संध्याकाळची द्या."

"आई, संध्याकाळी कशाला?" मुलगा म्हणाला. "संध्याकाळी मला यायला जमणारच नाही."

"हो ना, बाळा." बाईंचा आवाज एवढा मऊ झाला की ती उशी त्यापुढे दगड वाटावी. "म्हणूनच म्हणतेय. तुझ्यावर कामाचा किती लोड आहे. सकाळी ऑफिस टाकून धावत यायचं, भेटवस्तू आणायच्या, फोटो काढायचे. संध्याकाळी तुला त्रास नाही. तू आपला निवांत राहा. पुढच्या महिन्यातसुद्धा निवांत राहा. त्याच्या पुढच्याही."

समुपदेशकांचे डोळे भरून आले. "मातृप्रेम," ते कुजबुजले. मुलाचे कान मात्र शर्टाच्या कॉलरपासून वर हळूहळू लाल होत गेले. बाई आता पडद्याची कड सरळ करत होत्या. वर्ग सुटला होता.

"माझंपण संध्याकाळी करा," बेकरीवाला म्हणाला. "मला सकाळी पाव असतात."

"पाव तर पहाटे असतात," व्यवस्थापक म्हणाले.

"झोप असते मग," बेकरीवाला म्हणाला.

"माझा अर्ज तोंडी समजावा," वकील म्हणाले. "लेखी हवा असेल तर तोही देतो, वीस पानी."

रांगेतून एकेक हात वर यायला लागला, सुई नसलेला. व्यवस्थापक गोंधळले. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर भिंतीजवळ उभ्या होत्या, चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"सर, तशी अडचण नाही," त्या म्हणाल्या. "सकाळचे सगळे संध्याकाळी गेले की संध्याकाळच्यांना सकाळी आणायचं. त्यांच्या घरी फोन करायचे, डॉक्टरांच्या वेळा फिरवायच्या, गाड्यांच्या वेळा फिरवायच्या. बदलाचं कारण तेवढं वरच्या ऑफिसला कळवायला लागेल. काय लिहू? उशी?"

व्यवस्थापकांच्या कपाळावर घाम आला. वरच्या ऑफिसला त्यांचा विनोदी स्वभाव अजून कळला नसावा.

"कुणीही कुठेही जाणार नाही," ते शेवटी म्हणाले. "सगळे आहेत तिथेच राहतील. मात्र इथून पुढे विनोद संदर्भ पाहून करावेत, असा फलक लावला जाईल." आणि ते टाकी बघायला गच्चीवर गेले. मुलगा त्यांच्या मागोमाग बाहेर पडला. दाराशी थांबून त्याने एकदा मागे पाहिलं. आईने त्याला हात केला, नेहमी करत असे तसाच. समुपदेशक उशी गळ्यात घालूनच निघून गेले, आणि कुणी त्यांना हाक मारली नाही.

बाईंची खुर्ची सिस्टरनी पुन्हा क्लचच्या शेजारी ढकलून आणली.

"दुसऱ्यांदा सांगताना शेवटचं वाक्य गाळलंत," बाई समोर बघत म्हणाल्या. "प्रवासाचं. तेच बरं होतं त्यातलं."

"तो समोर होता ना." क्लचनी मान वळवली. "खरंच लागलं होतं का?"

"लागलं होतं तर. गप्प बसा आता."

क्लच गप्प बसले. बाईही. बेकरीवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तोसुद्धा गप्प बसला.

आणि मला वाटलं, आता बोलायची वेळ माझी आहे. तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं आणि मी अजून नीट वाक्यसुद्धा बोललो नव्हतो. दुखावणारा विनोद कुणी कुणासमोर करावा, त्याचा हक्क कुणाला, तो हक्क मिळतो कुठून, यावर आयुष्यभराचं चिंतन माझ्या घशाशी आलं होतं. मी स्टुलावरून उठलो. टोपी सरळ केली. सगळी रांग माझ्याकडे बघू लागली. मी खोल श्वास घेतला.

"मित्रहो," मी म्हटलं, "आज या खोलीत जे घडलं..."

"साडूभाऊ," क्लच म्हणाले, "उभेच आहात तर तेवढा माझा डावा तळपाय खाजवा. अंगठ्याच्या खाली. तिथं नाही हो. जरा वर."